वाचक विचारतात : वळलेल्या पायाचं पाडस

प्रश्न : डॉक्टर, गेल्या आठवड्यात जंगलाच्या कडेच्या एका पाणवठ्यावर हरणांचा कळप पाहिला. त्यात अगदी लहान, दोन-चार दिवसांचं असेल, असं एक पाडस होतं. त्याच्या पुढच्या डाव्या पायाचं खूर मागे दुमडलेलं होतं. खुराऐवजी वरच्या सांध्यावर टेकत टेकत ते आईच्या मागे चाललं होतं. ते मागे पडलं की आई थांबायची, ते जवळ आलं की पुन्हा निघायची. सोबतच्या वनरक्षकांना मी विचारलं, याला पकडून उपचार नाही का करता येणार? ते म्हणाले, "नाही ताई, निसर्गाचं काम निसर्गाला करू द्यायचं." तेव्हापासून ते पिल्लू डोळ्यांसमोरून हलत नाही. घरचे म्हणतात, तू फार हळवी आहेस, जंगलात रोज कितीतरी जीव मरतात. त्या पिल्लाला आपल्या पायाचं दुःख कळत असेल का? आणि मी नुसती बघत उभी राहिले, ते बरोबर झालं का?

उत्तर : आधी पायाबद्दल बोलू. तुम्ही तो इतका नीट पाहिला आहे की त्यावरून काही सांगता येतं.

खूर मागे दुमडलेलं आणि भार वरच्या सांध्यावर, हे वर्णन कोणताही पशुवैद्यक लगेच ओळखेल. वासरं, शिंगरं, करडं, पाडसं अशा खुरांच्या पिल्लांमध्ये हे दिसतं. स्नायूला हाडाशी बांधणारी जी दोरी असते, कंडरा म्हणतात तिला, ती जन्मतः आखडलेली असते. कधी गर्भाशयात पाय अवघडून राहिलेला असतो, कधी आईच्या पोटात गेलेल्या एखाद्या विषारी वनस्पतीमुळे किंवा गाभणपणातल्या संसर्गामुळे असं होतं. हाड आणि सांधा मुळात ठीक असेल आणि आखडलेपण सौम्य असेल, तर पिल्लू उभं राहू लागलं, चालू लागलं की त्याच्याच वजनाने कंडरा ताणली जाते आणि काही दिवसांत पाय सरळ होतो. तुमचं पाडस त्यातलं आहे की नाही, हे मी इथे बसून सांगू शकत नाही. पण ते आईच्या मागे चालत होतं, म्हणजे या दुखण्यावरचा जो पहिला उपाय आहे तो ते आपणहून करत होतं.

आता पकडण्याबद्दल. वन्यप्राण्यांच्या उपचार केंद्रात मी अशी पिल्लं हाताळली आहेत. लोक मोठ्या मायेने उचलून आणतात. चादरीत गुंडाळलेलं, डोळे विस्फारलेलं, अजिबात न हलणारं पाडस टेबलावर ठेवलं जातं आणि आणणारे म्हणतात, "बघा कसं शांत आहे." ते शांत नसतं. छातीवर हात ठेवला तर काळजाचे ठोके मोजता येऊ नयेत इतके जलद असतात. दुमडलेल्या सांध्याच्या पुढच्या बाजूची कातडी घासून सोललेली असते, त्यात माती भरलेली असते. आम्ही ती धुतो, कापसाची जाड गादी करून हलकी पट्टी बांधतो, ती रोज सोडून पुन्हा बांधतो, कारण वाढत्या पायावर पट्टी आवळली तर खालचा भाग सडतो. एवढं करून पाय सरळ झाला तरी पुढचा प्रश्न उरतोच. आई कुठे आहे? जंगलातली हरिणी पिल्लू शोधत त्या जागी काही काळ घुटमळते, नंतर कळपामागे जाते. पाय मिळतो आणि कळप जातो. मग ते माणसाळतं, आणि माणसाळलेल्या हरणाला जंगलात सोडणं म्हणजे त्याला पहिल्या कुत्र्याच्या तोंडी देणं.

पाठलाग करून पकडायचं म्हटलं तर आणखी मोठा धोका असतो. हरणांच्या जातीत 'कॅप्चर मायोपथी' नावाचा प्रकार फार दिसतो. भीतीने आणि धावपळीने स्नायू अक्षरशः मोडू लागतात, त्यातून सुटलेली द्रव्यं रक्तात उतरतात, मूत्रपिंडं निकामी होतात. प्राणी त्याच दिवशी मरतो किंवा ठणठणीत दिसत दिसत काही दिवसांनी मरतो. त्या पिल्लामागे चार माणसं धावली असती, तर आईसुद्धा यात गेली असती. तुमचे वनरक्षक दोन वाक्यांत बोलले म्हणून ते कोरडे वाटले असतील, पण त्यांनी जे केलं ते त्या पिल्लाच्या भल्याचंच होतं. तुम्ही उभ्या राहिलात, आवाज केला नाहीत, मायलेकरांना वाट दिलीत. त्या क्षणी करण्यासारखं तेवढंच होतं, आणि ते तुम्ही केलंत.

'दुःख कळत असेल का' हा तुमचा प्रश्न मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. यात दोन वेगळ्या गोष्टी आहेत. एक, दुखणं. सोललेला सांधा त्या पाडसाला झोंबत असणार, यात शंका नाही. आपल्याला जशा वेदना होतात तशाच त्याला होतात, फक्त ज्याची शिकार होते असा प्राणी त्या लपवतो, कारण लंगडणारा प्राणी वाघ-बिबट्याच्या नजरेत आधी भरतो. दुसरी गोष्ट म्हणजे आपण इतरांसारखे नाही याचं दुःख. त्यासाठी आपण कसे असायला हवे होतो हे मनात असावं लागतं. जन्मापासून ज्याचा पाय तसाच आहे, त्याच्याकडे सरळ पायाची आठवण नाही. त्याच्यासाठी चालणं म्हणजे असंच चालणं. तुम्हाला जे आतून तुटलं, त्यातला मोठा भाग तुमच्या मनात असलेल्या धडधाकट पाडसाशी केलेल्या तुलनेतून आला. तो खोटा नाही. पण तो भार पिल्लाच्या पाठीवर नाही, एवढं तुम्ही नक्की धरून चाला.

जपानमधल्या जिगोकुदानी या बर्फाळ डोंगराळ भागात मोझू नावाची एक माकडीण होती. 1970 च्या दशकात जन्मलेली, हातापायांचे पंजे जन्मतःच विद्रूप. कळप झाडांवरून उड्या मारत जायचा, ही खालून बर्फातून सरपटत, पोटाने वाट करत जायची. कीटकनाशकांमुळे असं झालं असावं, असा संशय तेव्हा घेतला गेला. ती सुमारे 28 वर्षं जगली. तिने पाच पिल्लं वाढवली, हे वाचलं तेव्हा मी पुस्तक मिटून बराच वेळ बसले होते. त्याच देशातल्या अवाजी बेटावर माकडांचा एक मोठा कळप आहे. त्यात 1960 च्या दशकाच्या अखेरीपासून हातापायांत व्यंग असलेली पिल्लं मोठ्या संख्येने जन्मत आली आहेत. तिथे अनेक वर्षं निरीक्षणं झाली. ज्यांना पकड नाही ती माकडं दोन पायांवर चालायला शिकतात, तीन पायांवर चालतात. ज्या पिल्लांना आईला धरता येत नाही त्यांना आया हाताने धरून नेतात. कळप त्यांना ठरवून हाकलत नाही आणि परकी माकडं त्यांची खास उस्तवारही करत नाहीत. मला हे फार आवडतं. त्यांना कुणी बिचारं समजत नाही. अर्थात या दोन्ही ठिकाणी माणसं माकडांना खाणं घालतात, त्यामुळे जगणं थोडं सोपं होतं, हे विसरून चालणार नाही.

श्रीलंकेच्या उदा वालवे राष्ट्रीय उद्यानात एक खुजा हत्ती दिसला होता. धड मोठ्या हत्तीचं, पाय विलक्षण आखूड. त्याच्याकडे पाहून कुणालाही कणव यावी. आणि हा गडी आपल्यापेक्षा कितीतरी उंच नराशी झुंजला आणि त्याला मागे रेटलं!

या गोष्टी सांगून मी तुमची समजूत काढते आहे असं वाटू नये म्हणून दुसरी बाजूही सांगते. टांझानियातल्या महाले डोंगरात 2011 च्या जानेवारीत एका चिंपांझीच्या पोटी गंभीर व्यंग असलेलं पिल्लू जन्मलं. ते स्वतः बसू शकत नव्हतं, आईला नीट धरू शकत नव्हतं. आई झाडावर चढताना, चालताना एका हाताने त्याला आधार द्यायची. इतर माद्यांच्या हाती ती ते पिल्लू देत नसे. फक्त थोरल्या बहिणीला सांभाळू द्यायची. त्या बहिणीला स्वतःचं पिल्लू झालं, तिची मदत थांबली, आणि काही आठवड्यांत हे पिल्लू दिसेनासं झालं. जवळपास दोन वर्षं ते जगलं. जंगलातली बहुतेक व्यंग असलेली पिल्लं एवढीही जगत नाहीत, आणि म्हणूनच आपल्याला ती फारशी दिसत नाहीत. तुम्ही पाहिलेलं पाडसही कदाचित आज नसेल. मी तुम्हाला ते जगेल असं वचन देऊ शकत नाही, आणि तुम्हीही ते कुणाकडून मागू नका.

पण "निसर्गाचं काम" या शब्दांवर मला थोडं अडायचं आहे. कारण प्रत्येक व्यंग निसर्गाचं नसतं.

1983 साली अमेरिकेत कॅलिफोर्नियातल्या केस्टरसन या पक्षी-आश्रयस्थानात डोळे नसलेली, चोच नसलेली, पाय नसलेली पिल्लं अंड्यांत सापडू लागली. आसपासच्या सिंचनाच्या शेतांतून निचरा होऊन येणाऱ्या पाण्यात सेलेनियम, म्हणजे जास्त झालं की विषारी ठरणारं एक मूलद्रव्य, साठत गेलं होतं. तळ्यातल्या किड्यांत ते उतरलं, किड्यांतून पाणपक्ष्यांत, पक्ष्यांतून अंड्यांत. तिथे हात बांधून निसर्गाला त्याचं काम करू देणं याचा अर्थ काय होता? तसंच अमेरिकेतल्याच फ्लोरिडातल्या पँथरचं, म्हणजे तिथल्या प्यूमा जातीच्या मोठ्या मांजरांचं. रस्ते आणि वस्त्यांनी त्यांना घेरलं, 1990 च्या दशकाच्या सुरुवातीला जेमतेम 20 ते 30 उरले. आपसातच वीण होत गेली. शेपट्या टोकाला वाकड्या, नरांचे वृषण खाली न उतरलेले, काळजात भोकं. 1995 मध्ये टेक्सासहून आठ माद्या आणून सोडल्या. पुढच्या पिढ्यांत वाकड्या शेपट्या आणि काळजाचे दोष कमी झाले आणि संख्या वाढली. त्या माद्या आणायचं ठरवणाऱ्यांच्या मनात करुणा होती की आकडेमोड, मला ठाऊक नाही. पण करुणेने जे करायला हवं, ते त्यांनी केलं. एका वाकड्या शेपटीच्या पिल्लाला उचलून घरी नेण्यापेक्षा हे कितीतरी मोठं काम आहे. आफ्रिकेत पर्वतीय गोरिलांवर उपचार करणारे पशुवैद्यकही साधारण हीच रेघ पाळतात. माणसाने लावलेल्या फासात हात अडकला किंवा जीवावर बेतलं तर जंगलात जाऊन भूल देऊन उपचार करतात, एरवी लांबून लक्ष ठेवतात.

म्हणून तुमच्या हळवेपणाला माझी एक विनंती आहे. त्या पाणवठ्यावर पुन्हा जाणं झालं तर आणखी पिल्लं तशी दिसतात का, ते पाहा. लांबून फोटो काढा, तारीख आणि जागा लिहून ठेवा, वनविभागाला द्या. एका कळपात एक वळलेला पाय हा बहुतेक वेळा गर्भातला अपघात असतो. एकाच परिसरात तीन-चार पाय वळलेले दिसले तर पाण्यात, चाऱ्यात काहीतरी असू शकतं. 1995 मध्ये मिनेसोटा राज्यात शाळेतली मुलं सहलीला गेली असताना त्यांना एका तळ्याकाठी पाय कमी-जास्त असलेले बेडूक दिसले, एक-दोन नाही, ढिगाने. मुलांनी ते कळवलं. त्यातून सुरू झालेल्या शोधात पुढे एक परजीवी कृमी सापडला. तो आधी गोगलगाईत वाढतो आणि मग बेडूकमाशाच्या पायाच्या कोंबात शिरतो. पाय बिघडतात, असा बेडूक बगळ्याला सहज सापडतो, आणि बगळ्याच्या पोटात कृमीचं पुढचं आयुष्य सुरू होतं. खतं वाहून तळ्यात गेली की शेवाळ माजतं, शेवाळावर गोगलगाई वाढतात, त्यांच्याबरोबर कृमीही. सगळीकडे हेच कारण असतं असं नाही. काही ठिकाणी चतुराच्या पाण्यातल्या अळ्या बेडूकमाशांचे पाय कुरतडतात, असंही आढळलं. पण कुणीतरी वाकून पाहिलं, त्याला वाईट वाटलं आणि त्याने ते सांगितलं, म्हणून हे कळलं. घरचे तुम्हाला हळवी म्हणतात ना, त्यांना ही मुलांची गोष्ट जरूर सांगा.

प्रश्न : माझ्या उजव्या हाताला जन्मतः बोटं नाहीत. व्यंग असलेल्या प्राण्यांचे फोटो फिरतात, त्याखाली "बिचारं, मेलं तर सुटेल" असं लोक हमखास लिहितात. ते प्राण्याबद्दल असतं हे कळतं, तरी लागतं. डॉक्टर म्हणून तुम्हालाही असं वाटतं का?

उत्तर : नाही वाटत. आणि तुम्हाला ते लागतं यात नवल काहीच नाही. ते वाक्य लिहिणाऱ्याने प्राण्याचं व्यंग पाहिलेलं असतं, प्राणी पाहिलेला नसतो. तो चरतो का, पितो का, अंगावर मांस आहे का, कातडी तुकतुकीत आहे का, कान माश्या हाकलण्यापुरते तरी हलतात का, कळपात त्याची जागा आहे का, यातलं काहीच त्या फोटोवरून त्याला समजलेलं नसतं. त्याला स्वतःला बघवत नाही, आणि आपलं ते न बघवणं तो प्राण्याच्या नावावर टाकतो.

मी स्वतः प्राण्यांना इंजेक्शन देऊन शांत केलेलं आहे. तो निर्णय मला करावा लागतो आणि मी तो टाळत नाही. पण तेव्हा मी आकार बघत नाही. वेदना आटोक्यात येणार आहे का, तोंडाने खाता-पिता येईल का, श्वास मोकळा आहे का, हे बघते. दोन बोटांनी फांदी पकडणारं घुबड अंगाने भरलेलं असेल तर त्याला मरून सुटायचं कारण नाही. उलट दिसायला अगदी देखणा, पण जबडा आतून मोडलेला प्राणी तासातासाने खंगत असतो आणि त्याचा फोटो पाहून कुणी हळहळत नाही.

2011 मध्ये अटलांटिक महासागरात अझोर्स बेटांजवळ संशोधकांना स्पर्म व्हेलच्या एका कुटुंबात एक डॉल्फिन दिसला. त्याचा पाठीचा कणा वाकडा होता. आठ दिवसांत तो पुन्हा पुन्हा त्यांच्यासोबत दिसला. व्हेल त्याला अंगाला अंग घासू देत होते, पिल्लांमध्ये फिरू देत होते. व्हेलनी हे का केलं ते कुणी सांगू शकत नाही. करुणा म्हणावी की नुसतं चालवून घेणं, मी ठरवणार नाही. मला भावतं ते त्या डॉल्फिनचं वागणं. तो कुठेतरी एकटा पडून राहिला नव्हता, त्याने सोबत शोधली होती.

एक मात्र स्पष्ट लिहिते. जंगलातल्या प्राण्याची आणि तुमची तुलना कुणी कोणत्याही बाजूने करू लागलं, "त्याला बघ, तो कसा लढतो" असं कौतुकाने म्हणालं तरी, ती तुम्ही मान्य करायची गरज नाही. त्या प्राण्याला डॉक्टर नाही, कायदा नाही, हक्क मागायला जागा नाही. तुम्हाला हे सगळं आहे, आणि जिथे नसेल तिथे ते मिळालंच पाहिजे.

प्रश्न : अंगणात पक्ष्यांसाठी दाणे ठेवते. एका लहान पक्ष्याची वरची चोच लांब वाढून खाली वळली आहे, दाणा उचलताना त्याची फार तारांबळ होते. जन्मतःच असेल का? पकडून टोक कापलं तर चालेल का?

उत्तर : कापू नका. चोचीच्या आत रक्तवाहिन्या आणि नसा असतात, घरच्या कात्रीने रक्तस्राव होईल. आणि असं व्यंग बहुधा जन्मजात नसतं. 1990 च्या दशकाच्या अखेरीस अलास्कात ब्लॅक-कॅप्ड चिकाडी या इवल्याशा पक्ष्यांमध्ये हे मोठ्या प्रमाणात दिसू लागलं. चोचीवरचं केराटिनचं, म्हणजे आपल्या नखांसारखं, आवरण भरमसाट वेगाने वाढतं, हे पूर्ण वाढ झालेल्या पक्ष्यांमध्येच जास्त दिसतं, आणि पुढे त्याचा संबंध एका विषाणूशी जोडला गेला. चोच वाकडी झाली की पिसं साफ करता येत नाहीत, ती चिकटतात, आणि थंडीत पक्षी गारठतो.

तुमच्या पक्ष्याला नेमकं तेच आहे असं नाही. तरी दाण्याची भांडी काही आठवडे उचलून ठेवा, म्हणजे पक्षी एका जागी गर्दी करणार नाहीत. भांडी आधी साबणाने घासा, मग एक भाग ब्लीच आणि नऊ भाग पाणी अशा मिश्रणात बुडवून स्वच्छ धुवा आणि उन्हात कडकडीत वाळवा. पुन्हा ठेवाल तेव्हा दर आठवड्याला धुवायचा नेम ठेवा. आणि चोचीचा बाजूने एक स्पष्ट फोटो काढून जवळच्या पक्षी-अभ्यासकांना पाठवा. दुसरा एखादा पक्षी तसा दिसला तर तोही कळवा.